गॅस दोनदा भरला, तरी दूध नासतंय : लातूरच्या एका मेसमधला फ्रीज

पार्श्वभूमी

लातूरच्या ट्यूशन एरियालगत एक बाई घरगुती मेस चालवतात. बारावी आणि नीटची तयारी करणारी अठरा-वीस पोरं दोन्ही वेळ जेवायला असतात, शिवाय काही डबे बाहेर जातात. पोरं त्यांना मावशी म्हणतात, म्हणून इथेही मावशीच म्हणतो. नाव, गल्ली आणि फ्रीजची कंपनी मुद्दाम लिहीत नाही.

फ्रीज दोन दारांचा, फ्रॉस्ट फ्री, अडीचशे लिटरच्या आसपासचा, सहा-सात वर्षं वापरलेला. इन्व्हर्टर कॉम्प्रेसर नाही, साधाच. मागच्या पाटीवर गॅस आर-६००ए, वजन ५२ ग्रॅम, डीफ्रॉस्ट हीटर (कॉइलवरचा बर्फ वितळवणारा) १७० वॅट, क्लायमेट क्लास 'टी'. पाटीवरच्या या चार गोष्टी पुढे एकेक करून कामाला येणार आहेत. फ्रीज स्वयंपाकघरातच, दोन शेगड्यांपासून चार-पाच हातांवर, पिठाच्या डब्यात आणि भिंतीत अडकवल्यासारखा उभा. दिवसभरात दार किती वेळा उघडत असेल याचा हिशोब नको. थंड पाण्याची बाटली काढायला प्रत्येक पोरगं स्वतः येतं आणि दार उघडं ठेवून आत बघत उभं राहतं.

मार्चमध्ये खालचा कप्पा गार होईना झाला. ओळखीतल्या एका तरुण मेकॅनिकला बोलावलं. त्याने गॅस गेलाय असं सांगून फ्रीज दुकानावर नेला, ड्रायर (गॅसमधली ओल शोषणारी गाळणी) बदलला, गॅस भरला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आणून दिला. फ्रीज मस्त चालला. साधारण दहा दिवसांनी पुन्हा तेच. या वेळी मेकॅनिकने घरीच येऊन, अर्ध्या-पाऊण तासात 'थोडा गॅस टॉप-अप' केला. फरक पडला नाही. मग काही दिवसांनी फ्रीज आपोआप सुधारला, आठवडाभर बरा चालला आणि परत बसला. तिसऱ्या फेरीला निदान आलं : कॉम्प्रेसर वीक आहे, साडेसहा हजार लागतील.

मीही फ्रीज-दुरुस्तीच करतो. माझ्याकडे फोन आला तो या टप्प्यावर. एप्रिल निम्मा सरलेला, बाहेर पारा ४१ वर, आणि नीटची परीक्षा मेच्या सुरुवातीला.

अडचण नेमकी काय होती

मावशींची तक्रार एका वाक्याची होती : "भाऊ, वरी बर्फ व्हायलाय अन् खाली दूध नासायलंय."

या वाक्यात निम्मं निदान आहे. गॅस खरोखर कमी असेल, कॅपिलरी (गॅसची केसासारखी बारीक नळी) चोक असेल किंवा कॉम्प्रेसर दाब उचलत नसेल, तर पहिला फटका फ्रीझरला बसतो. बर्फ जमायला वेळ लागतो, आईस्क्रीम मऊ पडतं, पुढे ट्रेमधलं पाणीच राहतं. अशा साध्या फ्रॉस्ट फ्री फ्रीजला कूलिंग कॉइल एकच असते आणि ती फ्रीझरच्या मागच्या पॅनेलआड लपलेली असते. तिच्यावरून पंखा हवा ओढतो, थोडी फ्रीझरमध्ये सोडतो आणि थोडी डक्टमधून खाली पाठवतो. खालच्या कप्प्याला स्वतःची थंडी नाही, त्याला मिळते ती ही उसनी हवा. म्हणून वर बर्फ आणि खाली ऊब असेल, तर गॅसच्या आधी हवेचा विचार करायचा. पंखा फिरतो का, वाट मोकळी आहे का, कॉइल बर्फाने बुजली आहे का, डॅम्पर, म्हणजे खाली जाणाऱ्या हवेची झडप, अडकलाय का.

मी थर्मामीटर ठेवला तेव्हा फ्रीझरमध्ये उणे ९ होतं, खाली १६. अन्न ठेवायला खाली ५ च्या आत हवं. १६ म्हणजे दूध, पनीर, मळलेली कणीक यांच्यासाठी नुसतं कपाट. वीस पोरांचं जेवण आणि परीक्षा तोंडावर. दुरुस्ती राहिली बाजूला, पहिला निर्णय हाच घ्यावा लागला की आजपासून या फ्रीजवर भरवसा ठेवायचा नाही. दूध दोन वेळा ताजं आणायचं, पनीर बंद, दही लावायचं ते त्याच दिवसापुरतं, आणि उरलेल्या भाजीला थर्माकोलच्या पेटीत बर्फाची लादी. मावशींना हे पटायला वेळ लागला नाही. त्यांच्या मुलाला लागला, कारण बर्फाचे रोजचे पैसे त्याच्या खिशातून जाणार होते.

वेळापत्रक मांडून बघितलं

नव्या मुलांना मी एक सांगत असतो. दुरुस्तीनंतर बिघडलेला फ्रीज आला की गेज (गॅसचा दाब मोजायचं घड्याळ) लावण्याआधी तारखा विचारा. बिघाड किती वेळाने परतला आणि बंद ठेवल्यावर किती वेळात बरा झाला, हे दोन आकडे फुकट मिळतात आणि गेजपेक्षा खरं बोलतात.

दुरुस्ती करून आणला त्या तासापासूनच थंड नाही, तर गॅसचं माप चुकलंय, काम करताना कॅपिलरी बुजलीय, नाहीतर कॉम्प्रेसरला इजा झालीय. चार-सहा तास उत्तम चालतो, मग फ्रीझरसकट सगळं गरम होतं, अर्धा-एक तास बंद ठेवला की परत गार पडतो, असं असेल तर सिस्टीममध्ये ओल राहिली. व्हॅक्यूम नीट न घेता, म्हणजे पंपाने आतली हवा आणि ओल पुरती न ओढता, गॅस भरला की आतलं पाणी कॅपिलरीच्या तोंडाशी गोठून बूच बसवतं. ते बूच इवलंसं असतं, म्हणून लवकर सुटतं. त्या जागी गरम पाण्यात भिजवलेलं फडकं धरलं तर फुस्स आवाज करत गॅस पुन्हा वाहू लागतो, तिथेच ओल सिद्ध होते. थंडी आठवड्या-आठवड्याला उतरत गेली आणि कशानेच परत आली नाही, तर लिकेज.

आणि आठ-दहा दिवस बरा, मग वर बर्फ खाली ऊब, आणि रात्रभर बंद ठेवल्यावरच सुधारणा, हा हिशोब फक्त कॉइलवर साचलेल्या बर्फाशी जुळतो. तेवढा बर्फ साचायला दिवस लागतात आणि वितळायला रात्र.

मधे आपोआप सुधारला तो कधी, हे मी खोदून विचारलं. मावशी म्हणाल्या, "अवकाळी आला नव्हता का, त्या दिशी रातभर लाईट नव्हती. सकाळी फ्रीजखाली ही एवढं पाणी. फरशी पुसू पुसू जीव गेला. तवापासून आठ दिस चांगला चालला. त्याला इसावाच पायजे बगा, भाऊ."

विसाव्याचं निदान बरोबर होतं, विसावा कशापासून हवा होता तेवढं कळायचं राहिलं होतं. आता मागचा इतिहास उलटा वाचा. पहिल्या दुरुस्तीला फ्रीज दीड दिवस बंद होता, दारं उघडी. बर्फ वितळला, हवा मोकळी झाली, दहा दिवस चालला, आणि श्रेय गॅसला गेलं. दुसऱ्या फेरीला मशीन जेमतेम पाऊण तास बंद. बर्फ जागचा हलला नाही, म्हणून फरक शून्य. मग वादळाने लाईट घालवली आणि फुकटात डीफ्रॉस्ट करून दिलं. त्यावर मेकॅनिकने सांगितलं होतं की गॅस आता सेट झाला. आपल्या धंद्यातल्या काही शब्दांना अर्थच नसतो, त्यातला 'सेट होणे' हा पहिला.

पर्याय काय होते

पहिला पर्याय होता त्याच मेकॅनिकला परत बोलावून कॉम्प्रेसर बदलून घेण्याचा. त्याने गॅसवर तीन महिन्यांची गॅरंटी दिली होती, पण कॉम्प्रेसर गॅरंटीत बसत नव्हता. कॉम्प्रेसर बदलताना मशीन पुन्हा दोन दिवस बंद राहणार, म्हणजे पुन्हा आठ-दहा दिवस झकास चालणार, आणि बरोब्बर परीक्षेच्या आठवड्यात बसणार. खरं सांगायचं तर हाच पर्याय सगळ्यात घातक होता, कारण तो सुरुवातीला यशस्वी दिसला असता.

कंपनीच्या सर्व्हिसला बोलवायचं तर भेट चार-पाच दिवसांनी मिळत होती. एप्रिल-मे म्हणजे त्यांचीही लगीनघाई.

मुलाचं मन नवा फ्रीज घेण्याकडे होतं. चुकीचं नव्हतं. पण परीक्षेनंतर मेसची निम्मी पोरं गावी जातात आणि जूनपर्यंत कमाई थांबते. त्या तोंडावर पंचवीस-तीस हजारांचा हप्ता मावशींना नको होता.

चौथा पर्याय, पाइप न कापता आधी हवेचा आणि डीफ्रॉस्टचा भाग तपासायचा. खर्च जवळपास काही नाही, वेळ एका दुपारचा. यात हरलो असतो तरी बाकीचे तीनही मार्ग उघडेच राहत होते. म्हणून तो आधी.

बर्फ वितळवण्याआधीची तपासणी

इथे एक निर्णयाचा क्षण आहे आणि तो सहज निसटतो. मी पोचलो तेव्हा मुलाने गरम पाण्याचं पातेलं तयार ठेवलं होतं, बर्फ पाडून टाकू म्हणून. त्याला थांबवलं. बर्फ हा पुरावा आहे आणि डीफ्रॉस्टच्या सर्किटची खरी परीक्षा कॉइल गोठलेली असतानाच होते.

कारण असं. कॉइलवर बर्फ साचतच असतो, म्हणून टायमर ठरावीक वेळाने कॉम्प्रेसर थांबवून हीटर लावतो. त्या हीटरच्या वाटेत एक बायमेटल, म्हणजे तापमानावर चालणारा स्विच, असतो. कॉइल चांगली थंड, उणे तापमानाला असली की तो जोडलेला राहतो आणि कॉइल शून्याच्या वर गरम झाली की सुटतो, म्हणजे बर्फ संपल्यावर हीटर आपसूक बंद. बर्फ वितळवून मग मीटर लावला, तर चांगला बायमेटलही तुटलेलाच दाखवतो. नवखे मेकॅनिक इथे फसतात. चांगला पार्ट काढून टाकतात, किंवा मीटर काहीच दाखवत नाही म्हणून बायमेटल थेट शॉर्ट करून ठेवतात. असा शॉर्ट केलेला फ्रीज मी पाहिलाय. हीटर थांबायचं नाव घेत नाही, आतलं प्लॅस्टिक वाकतं, आणि गॅस ज्वलनशील असेल तर पुढचं बोलायलाच नको.

म्हणून क्रम असा ठेवला. आधी व्होल्टेज. कॉम्प्रेसर चालू असताना २१२ मिळालं, संध्याकाळी यापेक्षा पडतं पण स्टॅबिलायझर आहे, तो भाग सुटला. मग फ्रीझरच्या दाराचा स्विच बोटाने दाबून धरला. पंखा फिरत होता, मधूनच खर्रखर्र आवाज, पाती बर्फाला घासत असल्यासारखा. खालच्या कप्प्यात हवा येते त्या जाळीसमोर कागदाची पट्टी धरली. पट्टी हललीच नाही. पंखा चालू आणि हवा बंद.

मग करंट मोजणारा क्लॅम्प मीटर मेन वायरला लावून टायमर स्क्रू-ड्रायव्हरने हळू फिरवला. हा टायमर कॉम्प्रेसरच्या काही तासांच्या चालीनंतर स्वतःच डीफ्रॉस्टला जातो, आपण फक्त तो क्षण हाताने आणतो. कट्ट आवाज आला, कॉम्प्रेसर थांबला. म्हणजे टायमर ठीक. आता १७० वॅटच्या हीटरने पाऊण अँपिअरच्या आसपास करंट घ्यायला हवा होता. मीटरवर जवळजवळ शून्य. कॉइल बर्फात गाडलेली, बायमेटल जोडलेला असायलाच हवा अशी अवस्था, तरी हीटरला वीज नाही. पाइपाला हात न लावता, एकही पार्ट न काढता बिघाड तीन वस्तूंत येऊन थांबला : हीटर, बायमेटल किंवा थर्मल फ्यूज (फार तापलं की तुटणारा).

यानंतरच फ्रीझरचं पॅनेल उघडलं. मागे कॉइल दिसतच नव्हती. पांढरी शिळाच. मुलाला दाखवली तेव्हा तो म्हणाला, "काका, दोन महिने आम्ही गॅस गॅस करायलो, अन् ह्यो दगड कुणी बघितलाच नाही."

बर्फ टोकरायचा नाही हे त्याला दोनदा बजावलं. कॉइल अॅल्युमिनिअमची असते, सुरीचं टोक लागलं की मग खरोखरच गॅस जातो. समोर टेबल फॅन, आत गरम पाण्याची पातेली बदलत राहायची, खाली गोणपाट. संध्याकाळपर्यंत कॉइल मोकळी झाली.

दोषी कोण

हीटर मोजला, ३०० ओहमच्या थोडा वर. १७० वॅटला तेवढाच यायला हवा. फ्यूज शाबूत. उरला बायमेटल. त्याची टोपी एका बाजूने फुगलेली होती, म्हणजे आत पाणी शिरून गोठलं असणार. पण नुसत्या दिसण्यावर जायचं नाही. खोलीतल्या तापमानाला तो तुटलेला दाखवणार हे आधीच सांगितलं, म्हणून मेसच्या पातेल्यात बर्फाचा चुरा आणि मूठभर मीठ घातलं. जुना आणि दुकानातून आणलेला नवा, दोन्ही बायमेटल प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून त्यात ठेवले. जेवायला आलेली पोरं भोवती जमली. मीठ कशाला, असं मावशींनी विचारलं आणि एका पोराने गोठणबिंदू कसा उतरतो ते सूत्रासकट सांगून टाकलं. काही मिनिटांत नवा बायमेटल जोडला गेला, मीटर वाजला. जुना अर्धा तास ठेवला तरी मुका.

फ्यूजसह बायमेटलचा जोड बदलला. पार्ट साडेतीनशेच्या आत आला. पॅनेल लावण्याआधी पाणी वाहून जायची नळी गरम पाण्याने धुतली, तिच्यात कोथिंबिरीची काडी अडकली होती.

दुसरा प्रश्न : गॅस बरोबर आहे का

इथे प्रकरण संपलं असतं, पण दुसऱ्या फेरीचा टॉप-अप आठवत होता. पहिल्या दिवशीच दिसलं होतं की कॉम्प्रेसरकडे परतणाऱ्या सक्शन पाइपावर बाहेरपर्यंत बर्फाची पांढरी साय चढलीय. हे गॅस जास्त झाल्याचं ठळक लक्षण. तरी त्या दिवशी त्यावर निकाल दिला नाही. कॉइल बर्फाने बुजली की तिच्यापर्यंत उष्णता पोचत नाही, आतला द्रव उकळत नाही आणि तसाच सक्शनमध्ये वाहत येतो. म्हणजे गॅस अगदी मापात असला तरी हेच चित्र दिसतं. एक बिघाड दुसऱ्याचं सोंग आणतो, तेव्हा पहिला काढल्याशिवाय दुसऱ्याविषयी बोलू नये.

डीफ्रॉस्ट दुरुस्त करून मशीन पूर्ण एक दिवस चालवलं. खाली हवा जोरात येत होती. पण फ्रीझर उणे १२ वर अडला, खाली ९, कॉम्प्रेसर एकदाही कट-ऑफ नाही, म्हणजे थंडी पुरी होऊन आपोआप थांबला नाही, आणि सक्शनवरची पांढरी साय तशीच. आता ती खरी होती.

गॅस जास्त कसा गेला, याचं उत्तर पाटीवरच्या पहिल्या ओळीत आहे. फ्रीजमध्ये भरला जाणारा दुसरा गॅस म्हणजे आर-१३४ए. वातावरणाच्या दाबाला तो उणे २६ अंशांना उकळतो, आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन उणे १२ च्या आसपास. म्हणून आर-१३४एच्या मशीनला चालू असताना सक्शनचा काटा शून्यापाशी किंवा जरा वर दिसतो. आर-६००एचं मशीन निरोगी असताना तोच काटा शून्याच्या खाली, व्हॅक्यूममध्ये असतो. ज्याचा हात आर-१३४एवर बसलाय, त्याला हा काटा बघून गॅस कमी आहे असंच वाटतं. तो काटा वर येईपर्यंत भरतो. शिवाय आयसोब्युटेन वजनाने कमी लागतो, आर-१३४एच्या निम्म्याहूनही थोडा कमी. ५२ ग्रॅमच्या मशीनमध्ये दहा ग्रॅमची चूक म्हणजे जवळपास पाचवा हिस्सा. हा गॅस गेजवर भरायचा नसतो, वजनकाट्यावर तोलायचा असतो.

त्या तरुण मेकॅनिकने गॅसची डबी आणून दाखवली. गॅस योग्यच होता, माप नव्हतं. वजनकाटा त्याच्याकडे नव्हताच.

आता पुन्हा दोन वाटा. एक, चार्जिंग लाइनमधून थोडा थोडा सोडत सक्शनवर नजर ठेवायची. पंधरा मिनिटांचं काम, बरेच जण हेच करतात. पण आत नेमका किती गॅस आहे, आधी व्हॅक्यूम घेतला होता का, दुसऱ्या फेरीला पाइपातून हवा आत गेली का, यातलं काहीच माहीत नसताना अंदाजावर अंदाज चढवायचा होता. दोन, सगळा रिकामा करून, नवा ड्रायर घालून, व्हॅक्यूम घेऊन मोजून भरायचा. त्यात एक दिवस जातो आणि पैसे लागतात. मी दुसरी वाट सुचवली. ९ अंशांवर परीक्षा होईपर्यंत थर्माकोल पेटीच्या मदतीने निभावलं असतं, हेही सांगितलं. मावशींनी एकच विचारलं, "परत बसणार नाही ना?" मी म्हटलं, गॅसपायी बसणार नाही.

हे काम स्वयंपाकघरात करायचं नाही, यावर मात्र चर्चा केली नाही. आयसोब्युटेन पेटतो, हवेपेक्षा जड असल्याने फरशीलगत साचतो, आणि तिथे दोन शेगड्या. पहिल्या मेकॅनिकने टॉप-अप त्याच जागी केला होता, बाजूला वरण उकळत असताना. कॉम्प्रेसरवर आगीच्या खुणेचा पिवळा त्रिकोण चिकटवलेला असतो तो शोभेचा नव्हे. फ्रीज उचलून मागच्या अंगणात नेला, गॅस उघड्यावर सोडला, आणि नायट्रोजनने पाइप धुऊन काढल्यावरच ड्रायरला ज्योत लावली. नायट्रोजनच्या दाबावर साबणाचं पाणी फिरवलं, एकही बुडबुडा नाही. जुन्या सांध्यांवर तेलाचा डागही नव्हता. मार्चमध्ये गॅस मुळात गेलाच नव्हता, असं माझं मत बनलं ते इथे. पाऊण तास व्हॅक्यूम, मग एका ग्रॅमच्या अचूकतेच्या काट्यावर ५२ ग्रॅम.

निकाल

दुसऱ्या दिवशी फ्रीझर उणे १८, खाली ४ ते ५. कॉम्प्रेसर कट-ऑफ होऊ लागला, सक्शन पाइप हाताला नुसता गार, पांढरी साय गेली. चालू असताना काटा शून्याच्या खाली होता. त्या तरुण मेकॅनिकला मी मुद्दाम बोलावून तो काटा बघायला लावला.

परीक्षेच्या आठवड्यात फ्रीज बसला नाही. पावसाळ्यात, हवेत ओल असताना, मी एकदा डीफ्रॉस्टचा करंट पुन्हा मोजला, पाऊण अँपिअर बरोबर होता. ती खरी परीक्षा होती. मराठवाड्याचा एप्रिल कोरडा असतो, कॉइलवर बर्फ साचण्याचा वेग जुलै-ऑगस्टमध्ये कळतो.

जागाही बदलली. पाटीवरचा 'टी' क्लास म्हणजे भोवतालच्या ४३ अंशांपर्यंत काम करण्याची हमी. बाहेर ४१ असताना दोन शेगड्यांच्या स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्याला टेकून, ४३ ओलांडायला कितीसा वेळ? या मॉडेलची कंडेन्सरची (उष्णता बाहेर टाकणारी) नळी दोन्ही बाजूंच्या पत्र्याआड असते, त्यामुळे बाजू मोकळ्या हव्यात. फ्रीज मधल्या खोलीत गेला. पोरांच्या पाण्यासाठी ओसरीत दोन माठ आले, आणि दार उघडणं त्याने जेवढं कमी झालं तेवढं माझ्या सांगण्याने झालं नसतं.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्याच फेरीला पॅनेल उघडलं असतं तर प्रकरण अर्ध्या दिवसात आणि पाचशे-सातशे रुपयांत मिटलं असतं. ते का उघडलं नाही, याला त्या पोराचं अज्ञान एवढंच कारण मला पुरेसं वाटत नाही. सीझनला दिवसाला आठ-दहा कॉल असतात. 'गॅस भरला' याचे अडीच हजार लोक न कुरकुरता देतात, 'अर्धा तास तपासलं' याचे दोनशे द्यायला कुरकुरतात. ज्याचे पैसे मिळतात तेच निदान होतं. ही तक्रार गिऱ्हाईक आणि मेकॅनिक दोघांकडेही जाते.

माझ्या निर्णयांत एक जागा वादाची आहे. परीक्षेला पंधरा दिवस असताना चालू मशीनचा पाइप पुन्हा कापावा का? माझ्या एका जुन्या सहकाऱ्याचं म्हणणं, थोडा गॅस सोडून वेळ मारून न्यायची आणि नीट काम जूनमध्ये करायचं. त्याचा मुद्दा हलका नाही. सांधा जोडताना एखादी गोष्ट बिघडली असती तर ९ अंशही गेले असते. अंगणात जागा नसती, वजनकाटा आणि नायट्रोजन हाताशी नसते, तर मीही थांबलो असतो.

मावशींच्या बाजूने एक गोष्ट सोपी होती. लाईट गेली ती रात्र आणि फ्रीजखालचं पाणी, हे त्यांनी मला सांगितलं, पहिल्या मेकॅनिकला नाही, कारण त्याने विचारलं नाही आणि त्यांना ते सांगण्यासारखं वाटलं नाही. आता त्यांच्या मुलाने फ्रीजच्या बाजूला कॅलेंडर टांगलंय. बिघडला, बंद ठेवला, चालू केला, मेकॅनिक आला, अशी नोंद त्यावर होते.

बिलाचंही तसंच. आधीच्या दोन्ही बिलांवर फक्त 'गॅस चार्जिंग' एवढंच होतं. किती ग्रॅम, कुठला गॅस, लिकेज कुठे सापडलं, काहीच नाही. माझ्या बिलावर आर-६००ए ५२ ग्रॅम, व्हॅक्यूम ४५ मिनिटं, ड्रायर नवा, डीफ्रॉस्ट करंट ०.७५ असं लिहून दिलं आणि जुना बायमेटल पिशवीत घालून सोबत टाचला. पहिल्या मेकॅनिकने दुसऱ्या फेरीचे पैसे परत केले. पहिल्या फेरीचे केले नाहीत, ड्रायर तर बदलला होता ना, हे त्याचं म्हणणं. महिन्याभराने तो माझ्या दुकानात आला, वजनकाटा कुठून घेतला ते विचारायला.